तळ्याकाठचा मुक्काम: तंबू पाण्यापासून किती लांब, किती वर

कोल्हापूरच्या पश्चिमेला घाटमाथ्याच्या कडेकडेनं धरणांची रांगच लागते. राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी, कुंभी, कासारी, भुदरगडात पाटगाव, चंदगडकडे जंगमहट्टी, आंबा गावाजवळ मानोली. तिन्ही बाजूंना डोंगर, काठापर्यंत उतरलेली झाडी आणि मधे पाणी. गाडीतून उतरल्यावर पाण्याला लागून एक सपाट, हिरवीगार पट्टी दिसते आणि बहुतेक जण तंबू तिथंच टाकतात. अख्ख्या काठावर मुक्कामाला सगळ्यात वाईट जागा तीच असते. का, ते पुढे येईलच. सामान थोडं कमी पडलं तर भागवता येतं. चुकलेली जागा अंधार पडल्यावर बदलता येत नाही, म्हणून या लेखात जागेवर जास्त भर आहे.

आधी परवानगी

राधानगरी अभयारण्य १९५८ साली गव्यांसाठी राखलं गेलं, राज्यातलं पहिलं. आज त्याचा पसारा सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. राधानगरी आणि काळम्मावाडी या दोन जलाशयांचा बराचसा काठ याच अभयारण्यात येतो. तिथं स्वतःचा तंबू लावता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे आत शिरायलाच परवाना लागतो आणि आग लावणं गुन्हा आहे. रात्र काढायची तर वनविभागानं मान्य केलेल्या निवासात. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो.

स्वतःच्या तंबूसाठी मग उरतं ते अभयारण्याच्या हद्दीबाहेरचं मालकी रान. धरणाच्या काठाला भात, नाचणी काढून मोकळी पडलेली शेतं बरीच असतात. पूर्ण भरलेल्या पातळीच्या खालची जमीन संपादित झालेली असते, ती सरकारची. तिथं जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम नको. वरचं रान कुणाचं ते गावात एका मिनिटात कळतं. मालकाला प्रत्यक्ष भेटून विचारा, आणि जमलं तर पोलीस पाटलांच्या कानावर घाला: किती माणसं, कोणती गाडी, कधी निघणार. रात्री डोंगरावर दिवे दिसले की गावाला शंका येते, ती आधीच मिटते. शिवाय काल गवे कुठं उतरले होते हे गावालाच माहीत असतं.

गावात तीन प्रश्न हमखास विचारा. जनावरं पाण्यावर कुठून उतरतात? जवळ देवराई आहे का? आग्या मोहोळ कुठं लागलंय? देवराईत तंबू लावायचा नाही, तिथली काटकीही उचलायची नाही. आजरा-चंदगड भागात चौथा प्रश्न हत्तीचा. हत्ती आठवड्याभरात त्या शिवारात फिरल्याचं कळलं तर तंबूचा बेत सोडा आणि गावात, पक्क्या घरात झोपा. पाटगाव हे मधाचं गाव. तिथं रानात मधपेट्या दिसल्या तर त्यांच्यापासून शंभर पावलं तरी दूर राहा आणि त्यांच्या तोंडासमोरून वाट काढू नका.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. परतीचा पाऊस गेलेला असतो, तळं भरलेलं असतं, गवत अजून पूर्ण वाळलेलं नसतं. फेब्रुवारीपासून पाणी खाली जातं, काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो विजा घेऊनच. मोकळ्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, तंबूच्या दांड्या हीच सगळ्यात उंच वस्तू असते, त्यामुळे त्या दिवसांत सड्यावर मुक्काम नको. पावसाळ्याचा विचारही करू नका. गगनबावड्याच्या पट्ट्यात पावसाळ्यात जो पाऊस पडतो त्यापुढं कोणताही तंबू टिकत नाही. जळवा वेगळ्याच.

वेळेचं गणित उलटं मांडा. डिसेंबरमध्ये कोल्हापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण पश्चिमेला डोंगर असलेल्या तळ्यावर ऊन साडेचार-पाचलाच जातं. म्हणजे चारपर्यंत तंबू उभा, साडेपाचपर्यंत स्वयंपाक, सातपर्यंत जेवण आणि आवराआवर. त्यासाठी काठावर दुपारी बाराला पोचायला हवं. कोल्हापूरपासून राधानगरी ५०-५५ किलोमीटर, दाजीपूर ऐंशीच्या आसपास, आंबा ६५-७०. सकाळी साडेआठ-नऊला निघालात तर घाई होत नाही. दुपारी निघून 'तिथं जाऊन बघू' म्हणणारे हेडलाइटच्या उजेडात तंबू ठोकतात, आणि तो नेमका जनावरांच्या वाटेवर लागतो.

काठ वाचायला शिका

पोचल्यावर सामान उतरवू नका. आधी अर्धा तास काठानं चाला.

पहिल्यांदा भरलेल्या पातळीची रेघ शोधा. काठावर एका उंचीपर्यंत झुडूपच नसतं, नुसती तांबडी माती, खडे आणि कोवळं गवत. जिथून करवंद, कारवी, जुनी झाडं सुरू होतात तिथपर्यंत पावसाळ्यात पाणी चढतं. तंबू त्या रेघेच्या वर तीन-चार मीटर उंचीवर आणि आताच्या पाण्यापासून किमान शंभर पावलं लांब हवा. रेघेखालची ती मोहक हिरवी पट्टी का नको? वरून सुकलेली दिसली तरी खाली गाळ ओला असतो, खुंटी धरत नाही. थंड हवा जड असल्यानं रात्री उतारावरून घसरत तळ्याच्या खोलगट भागात साठते, म्हणून दहा मीटर वरच्या जागेपेक्षा काठाला जास्त गारठा लागतो. दव तिथंच सगळ्यात जास्त पडतं. डास तिथंच. आणि मुख्य म्हणजे ती पाण्यावर येणाऱ्या प्रत्येक जनावराची जागा आहे.

दुसरं, खुणा. मोठ्या खुरांचे ठसे आणि ताजं शेण म्हणजे बहुधा गवे. नांगरल्यासारखी उकरलेली माती रानडुकरांची. फोडलेलं वारूळ, खोडावर नखांचे ओरखडे म्हणजे अस्वल. झाडीतून पाण्याकडं उतरणारी, तुडवून गुळगुळीत झालेली वाट दिसली की तिच्या दोन्ही बाजूंना ७०-८० पावलं मोकळी सोडा. गव्याला तंबूशी वैर नसतं, पण रोजची वाट अडली की तो बिथरतो, आणि मोठ्या नराचं वजन आठशे ते हजार किलो भरतं.

मग वर बघा. उंबराखाली, त्यातही फळं धरलेल्या, कधीच नको. रात्रभर उदमांजरं, वटवाघळं आणि अधूनमधून अस्वलही तिथं येतं. वाळकी फांदी लटकलेलं झाड टाळा. उंच सावर, कडा किंवा पुलाच्या पोटाला आग्या मोहोळ दिसलं तर दोनशे मीटरच्या आत थांबू नका. धूर, अत्तर आणि दगड या तीन गोष्टींनी ते उठतं. उठलंच तर तोंड-डोकं झाकून सरळ पळायचं, झाडीत शिरलात तर उत्तम. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि माणूस बुडतो. काटे चिमटीत धरून न उपटता नखानं खरवडून लगेच काढा. जास्त दंश, सुजलेला चेहरा किंवा धाप असेल तर थेट दवाखाना.

शेवटी खाली बघा. वारूळ, दगडांचा ढीग आणि जुना बांध यांपासून दहा पावलं दूर, कारण सापांना दडायला अशाच जागा आवडतात. डिसेंबरनंतर खाजकुइलीच्या शेंगा वाळतात. त्यांची तपकिरी लव वाऱ्यानंही अंगावर येते. लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटा, मग धुवा.

एक इशारा वेगळाच. धरणाच्या खालच्या अंगाला, कोरड्या दिसणाऱ्या नदीपात्रात तंबू कधीही नको. वीजगृह किंवा शेतीसाठी पाणी सोडलं की हिवाळ्यातही पात्र चढतं.

तंबू उभा करताना

तिघांचा तंबू दोघांसाठी घ्या, चौघांचा तिघांसाठी. दुकानातला आकडा बॅगा बाहेर ठेवून मोजलेला असतो. आत जाळी आणि वरून पूर्ण झाकणारं वेगळं कापड असा दुहेरी तंबू हवा. एकेरी तंबूत आतल्या श्वासाची वाफ कापडावर जमते आणि पहाटे थेंब थेंब अंगावर पडते. दुहेरीतही वरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की सकाळी पांघरूण ओलं होतं.

खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर लहान कापा. ते बाहेर डोकावलं तर कापडावरून ओघळणारं दव त्यावर साठून तंबूखालीच शिरतं.

आपल्याकडची खरी अडचण जांभ्याची. सड्यावर मातीचा थर चार बोटं, खाली दगड. तंबूसोबत येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या खुंट्या दुसऱ्या ठोक्याला वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून ७-८ इंची लोखंडी खिळे, एका तंबूला बारा, घेऊन ठेवा. खुंटी तंबूपासून बाहेर कललेली, साधारण ४५ अंशात ठोका. जिथं काहीच शिरत नाही तिथं दोरी एका हातभर काठीला बांधा, काठी जमिनीवर आडवी ठेवा आणि दोरीच्या बाजूनं तिच्यापुढं दहा-बारा किलोचा दगड लावा. ताण आला की काठी दगडाला अडते आणि दोरीही दगडावर घासून तुटत नाही.

घाटाच्या कडेला कोकणातून चढणारा वारा संध्याकाळी पश्चिमेकडून येतो. दार पूर्वेला ठेवलं तर वारा पाठीवर आणि सकाळचं ऊन दारात. पश्चिमेच्या दोन दोऱ्या दुहेरी बांधा. जागा पूर्ण सपाट मिळत नाही, थोडा उतार असेल तर डोकं वरच्या अंगाला.

थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त लागते. दहा मिलिमीटरची फोमची चटई आणि तिच्यावर घोंगडं, मग स्लीपिंग बॅग किंवा जाड रग. घोंगडं थोडं ओलसर झालं तरी ऊब सोडत नाही, सुती गोधडी सोडते. कानटोपी आणि कोरडे मोजे झोपण्यासाठी वेगळे राखा. दिवसभर चालून घामेजलेले मोजे घालून झोपलात की पाय रात्रभर गरम होत नाहीत.

पाणी आणि चूल

माणशी दिवसाला ३ लिटर पिण्याचं आणि २ लिटर स्वयंपाकाचं धरा. चौघांना एका मुक्कामाला २० लिटरचा एक जार भरून न्यावा हे सोपं. तळ्याचं पाणी कितीही नितळ असलं तरी वरच्या अंगाला गुरं, म्हशी उतरतात. प्यायची वेळ आलीच तर चौपदरी सुती कापडातून गाळा आणि खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळत ठेवा. आपल्या उंचीला तेवढं पुरतं. जार रिकामा झाला की टाकू नका. झाकण घट्ट लावून मुठीला २० मीटर दोरी बांधा आणि दर्शनी जागी ठेवा. कुणी पाण्यात पडलं तर फेकायला यापेक्षा चांगली वस्तू तुमच्याकडे नसेल.

मुळात पाण्यात उतरूच नका. पाण्याखाली बुडालेली शेतं, बांध, झाडांचे बुंधे असतात, काठ पायरीसारखा एकदम तुटतो आणि गाळात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. अट्टल पोहणाराही रुतलेला पाय काढताना दमतो. पोटात दारू असेल तर विषयच संपला.

आता जेवण. कोल्हापूरचा माणूस तळ्यावर जाणार म्हटलं की मटण, तांबडा, पांढरा हे ठरलेलंच. पण कुकरशिवाय मटण शिजायला दीड तास लागतो, वास दरीभर पसरतो, हाडं उरतात आणि खरकटं भांडं धुवायला लोक अंधारात काठावर उतरतात. मटण खायचंच असेल तर येता-जाता वाटेवर खा. मुक्कामाला घरून भाकऱ्या, झुणका, खर्डा, दही न्या आणि तिथं फक्त खिचडी टाका. चौघांना ३ वाट्या तांदूळ, १ वाटी मूगडाळ, १० वाट्या पाणी, दोन चमचे कांदा-लसूण चटणी, मीठ, तेल. डाळ-तांदूळ घरीच मिसळून पिशवीत बांधा, तिथं धुतल्यावर पाऊण तास भिजवा, गॅस निम्मा लागतो. गॅसच्या २३० ग्रॅमच्या एका डब्यात चौघांची खिचडी, दोन वेळचा चहा आणि थोडं गरम पाणी सहज होतं. शेगडीला तिन्ही बाजूंनी दगडांचा आडोसा करा, पण डबा झाकू नका, तो तापला की फुटायची भीती. तंबूच्या आत शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं कधीही नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

शेकोटीबद्दल आमचं मत सरळ आहे: दिवाळीनंतर नकोच. त्या दिवसांत एक ठिणगी सबंध सडा जाळते. गव्यांचा चारा जातो, शेजारच्या रानातली गवताची गंजी जाते. मालकाच्या परवानगीनं, त्याच्याच नांगरटीत पेटवलीत तर भोवती तीन मीटर जमीन उघडी करा आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. कडेला तळ्यातले ओले दगड लावू नका, आतलं पाणी तापून ते फुटतात. झोपण्याआधी पाणी ओता, राख ढवळा, परत ओता. तळहाताची पाठ टेकवून गरम लागली नाही म्हणजे विझली.

भांडी काठावर नव्हे, काठापासून ७० पावलांवर, राखेनं आणि बाटलीतल्या पाण्यानं. शौचाला तेवढ्याच अंतरावर खुरप्यानं वीतभर खोल खड्डा, नंतर माती. कोणतीही बागकामाची आधुनिक वस्तू घेऊ नका, घरचं खुरपं जांभ्यातही चालतं.

रात्र

खाण्याचं सगळं, टूथपेस्ट आणि कचऱ्याची पिशवीसुद्धा, काचा बंद करून गाडीत. गाडी लांब असेल तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, तंबूपासून पन्नास पावलांवर. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको, उंदीर जाळी कुरतडतात आणि उंदरामागं साप येतो. बूट आत घ्या किंवा पिशवीत उलटे बांधा, सकाळी झटकूनच घाला. कुत्रा बरोबर आणू नका, बिबट्याला तो आमंत्रण असतो.

बाहेर जायचं तर दोघांनी, बॅटरी पायाशी, काठीनं जमीन आपटत, अधूनमधून बोलत. फुरसं रात्री वाटेवरच बसलेलं असतं आणि अस्वल दचकलं की अंगावर येतं. आवाज दोन्हीसाठी उपयोगी आहे.

तंबूबाहेर जड पावलं, फुसकारा ऐकू आला तर बहुधा गवेच. चेन उघडू नका, झोत मारू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. हळू आवाजात बोलत राहा म्हणजे माणूस आहे हे त्यांना कळतं. चरत चरत ते पुढं जातात. दिवसा समोर आले तर मागं सरका, कळप आणि झाडी यांच्या मधे उभं राहू नका. एकट्या नराचा भरवसा कळपापेक्षाही कमी.

काही झालं तर

काठावर बहुधा रेंज नसते. दुपारीच चालून रेंजची जागा शोधा आणि सगळ्यांना दाखवा. १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, १९२६ वनविभाग, आणि जागेच्या मालकाचा नंबर कागदावर लिहून गाडीच्या काचेला लावा. गाडीचं तोंड निघायच्या दिशेला असू द्या.

साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं नाही. अंगठी, कडं काढा, चावलेला हात-पाय फळीला बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, उचलून गाडीत न्या. जवळचं ग्रामीण रुग्णालय आणि पुढं गरज पडली तर कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय. आपल्याकडं मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालते. हिरव्या चापड्यावर ती चालत नाही, त्याचा उपचार डॉक्टर लक्षणं बघून करतात. साप मारून आणायची गरज नाही, त्यात दुसरा माणूस चावला जातो.

निघताना

ऊन तंबूवर आल्याशिवाय आवरू नका. ओला तंबू गुंडाळला तर दोन दिवसांत बुरशी धरते. घाई असेल तर घरी गेल्यावर त्याच दिवशी गच्चीवर पसरा. खिळे मोजून घ्या. शेतात राहिलेला एक खिळा बैलाच्या खुरात किंवा ट्रॅक्टरच्या चाकात जातो आणि पुढच्या माणसाला त्या रानात कुणी थारा देत नाही. सगळा कचरा, उरलेली भाकरीसुद्धा, परत कोल्हापूरला.

गाडीत बसण्याआधी गोचीड तपासा: कानामागं, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, गुडघ्याच्या मागं. चिकटलेली असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी काही लावू नका. आपल्या लगत सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीतूनच येतो. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की जंगलात झोपलो होतो, कुठल्या तालुक्यात आणि कोणत्या तारखेला.